हरणीच्या पोटातला मुद्देमाल

ज्या वस्तीत एकाही घराला दार नाही, तिथं उभं राहून 'चोरी झाली' असं म्हणायला छाती लागते. मुक्ताबाईनं ते म्हटलं, आणि मारुतीच्या पारावर सगळी बापई माणसं जमलेली असताना म्हटलं.

शनिशिंगणापूरच्या अलीकडं, रस्त्याला लागून ही वस्ती आहे. देवाच्या गावचा रिवाज तीही पाळते. घराला चौकट असते, पण चौकटीत दार नसतं. कुत्रं शिरू नये म्हणून फळी टेकवायची, फार तर पडदा सोडायचा. दुसऱ्याच्या चौकटीतली काडीसुद्धा उचलायची नाही. उचलली तर शनीची नजर फिरते. खरंखोटं त्या शनीला ठाऊक, पण इथल्या शेंबड्या पोरानंही कधी शेजारच्या अंगणातला पेरू न विचारता तोडला नाही. या गोष्टीचा वस्तीला अभिमान होता. अभिमान कसला, माजच होता म्हणा. गाड्या लावायला आलेल्या यात्रेकरूंना पहिल्यांदा तेच ऐकवायचं आणि मग पाण्याची बाटली विकायची.

हरणी ही मुक्ताबाईची गावरान गाय. दूध बेताचं, पण स्वभावानं इतकी गरीब की लहान लेकरानं शेपटी धरली तरी हलायची नाही. दिवाळीच्या सुमाराला तिनं चारा सोडला. रवंथ थांबलं, डावी कूस ढोलासारखी फुगली. मुक्ताबाईनं गोडंतेल पाजलं, ओवा चारला, दृष्ट काढली. शेवटी जनावरांचा डॉक्टर आला, त्यानं कूस फाडून आत हात घातला आणि जे काढायला लागला ते संपेना. पाटी भरली. त्यात चारा नव्हताच. पिशव्या, पुड्या, सुतळ्या, चिंध्या, सगळ्यांचा एकमेकांत पीळ पडलेला गोळा होता. टाके घातले, सलाईन लावलं, तरी हरणी वाचली नाही. मुक्ताबाईच्या नवऱ्यानं, श्रीमंतनं, बांधाकडेला खड्डा घेतला आणि मीठ टाकून तिला पुरलं. मागं राहिली तिची कालवड. दुसऱ्या दिवशी दावं सोडल्याबरोबर ती सरळ ओढ्याची वाट चालायला लागली, तिची आई जायची तशीच, आणि मुक्ताबाईनं धावत जाऊन तिला परत आणून बांधलं.

ओढा नुसता नावाला. पाणी वर्षातून चार दिवस, बाकी सगळा काळ वस्तीचा केर. घरातलं नको ते उचलायचं, ओढ्याकडं भिरकावायचं, हात झटकायचे. चौकटीला दार नसल्यामुळं ते उघडायचेही कष्ट पडत नसत. परवाच कुणाच्या तरी मोबाईलवर समुद्रात मेलेला भला मोठा मासा आला होता. त्याच्या पोटातून पिशव्या काढत होते. वस्ती किती हळहळली. बायकांनी पदर तोंडाला लावला, माणूस किती नीच झालाय असं सगळे म्हणाले, आणि बघता बघता खाल्लेल्या कुरकुऱ्यांच्या पुड्या वाऱ्यावर सोडल्या. जगाला बुडवणारा माणूस नेहमी दुसऱ्या गावचा असतो, ही समजूत फार जुनी आहे आणि फार सोयीची.

हरणीच्या बाबतीतही तेच झालं. भेटायला आलेला जो तो म्हणाला, यात्रेकरूंनी मारली हो गाय, बाहेरची माणसं घाण करतात. कारभारी आण्णा, ज्यांचा शब्द वस्तीत खाली पडत नाही, त्यांनी तर रस्त्यावर फलकच लावायचा ठरवला: 'भाविकांनी कचरा टाकू नये.' मुक्ताबाईनं मान हलवली. मग सगळे गेल्यावर ती पाटी घेऊन हातपंपावर गेली आणि तो गोळा धुवायला बसली. शेजारची पंकजा म्हणाली, गेलेली गाय धुऊन येती का कुठं? मुक्ताबाई म्हणाली, गाय येत नाही, पण मारणारा कोण ते तरी कळतं.

आणि कळलं. पीळ सुटत गेला तशी एकेक वस्तू बोलायला लागली. घोडेगावच्या साडीच्या दुकानाची पिशवी निघाली. तिथली साडी वस्तीत एकट्या पंकजाच्या पोरीच्या सुपारीला आली होती. पिठाच्या चक्कीवाल्याची सुतळी निघाली, भजनी मंडळाच्या पंगतीतले ग्लास निघाले. फ्लेक्सची एक लांब पट्टी निघाली, तिच्यावर कपाळाचा टिळा, एक डोळा आणि अर्धं हसू. कारभारी आण्णांचा नातू, ओंकार. त्याच्या वाढदिवसाला उरलेला भात त्याच फ्लेक्समध्ये गुंडाळून ओढ्यात टाकला होता, हे मुक्ताबाईनं डोळ्यांनी पाहिलं होतं. यात्रेकरूंची म्हणावी अशी एक काळी चिंधी तेवढी निघाली.

तळाशी मिठाची पिशवी होती. तिच्या तोंडाला दुहेरी गाठ. अशी गाठ मुक्ताबाईच मारायची, भाजीची देठं-सालं भरून. हरणीला घरचा वास आला असणार, म्हणूनच तिनं ती सगळ्यात आधी ओढली असणार, असं तिच्या मनात आलं आणि मग मात्र तिला रडू आवरलं नाही.

रडून झाल्यावर ती पारावर गेली.

"आपल्यात चोरी व्हत न्हाई, मुक्ताबाई," कारभारी आण्णा म्हणाले. "शबुद जपून वापरावा मानसानं."

"माझ्या दावनीची गाय गेली, आण्णा. नेनारी मानसं हितलीच हायेत. मुद्देमाल सापडलाय माझ्याकडं."

एवढं बोलून ती थांबली नाही. पाटी कडेवर घेऊन घरोघर फिरली आणि ज्याची वस्तू त्याच्या घरात नेऊन ठेवली. तुमचं आमच्या गाईकडं राहिलं होतं, एवढंच म्हणायची. दारं असती तर लोकांनी ती तोंडावर लावून घेतली असती. नव्हती, म्हणून ऐकून घ्यावं लागलं. पंकजा लाजली, चक्कीवाला तापला, कारभारी आण्णांच्या सुनेनं तर ती पट्टी चिमटीत धरून मुक्ताबाईच्या देखतच बाहेर फेकली. संध्याकाळपर्यंत सगळ्या वस्तू पुन्हा ओढ्यात पडल्या होत्या. आणि कालवड काठावर उभी राहून तिकडं मान लांबवत होती.

तेव्हा मुक्ताबाई खरी पेटली. ती ओढ्यात उतरली, एकेक वस्तू वेचली, पुन्हा धुतली आणि आपल्याच चौकटीला बांधायला लागली. मधोमध स्वतःची मिठाची पिशवी, मग बाकीचं सगळं. वरपासून खालपर्यंत पडदाच तयार झाला. श्रीमंत रस्त्यावर तेल आणि रुईच्या माळा विकायचा, आणि त्याची टपरी कारभारी आण्णांच्या जागेत होती, त्यामुळं त्याच्या तोंडचं पाणी पळालं. पाण्यात राहून माशाशी वैर करायचं नसतं, त्यानं तिला समजावलं. ती म्हणाली, पाणी आहेच कुठं, सगळा केर आहे. तो रागारागानं पडद्यापाशी गेला, आणि त्याला तिथं आपल्याच तंबाखूची पुडी दिसली. त्या छापाची तंबाखू वस्तीत तो एकटाच खायचा. सैल झालेली तिची गाठ त्यानं घट्ट केली आणि आत जेवायला गेला.

लोकांनी बोलायचं तेवढं बोलून घेतलं. बाई भ्रमिष्ट झाली म्हणाले. देवाच्या गावात दार लावलं म्हणाले. मुक्ताबाईनं सांगितलं, हे दार नाही, पडदा आहे, आणि पडद्याला देवाची ना नाही. ओढ्यातलं ज्याचं त्यानं उचला, पुन्हा टाकू नका, हा मी आपणहून उतरवते. पण पहिला कोण वाकणार? प्रत्येक जण शेजाऱ्याकडं बघायचा. आणि तो पडदा ओढून काढायचीही कुणाची हिंमत नव्हती, कारण दुसऱ्याच्या चौकटीतली काडी न्यायची नाही, हे ज्याच्या त्याच्या अंगात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेलं. वस्तीचा माजच वस्तीच्या आडवा आला.

अशात शनी अमावस्या तोंडावर आली. त्या दिवशी रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. आदल्या दिवशी दुपारीच गाड्या यायला लागल्या, आणि रस्त्याच्या कडेचं पहिलं घर मुक्ताबाईचं. एका यात्रेकरू बाईनं विचारलंसुद्धा, मावशी, हे काय बांधलंय? मुक्ताबाईनं आवाज न चढवता सांगितलं, आमच्यात चोरी झाली होती, त्यातला मुद्देमाल आहे. ती बाई हसली, मग तिनं त्या लेकराच्या अर्ध्या तोंडाकडं नीट बघितलं आणि तिचं हसू गेलं.

ही बातमी कारभारी आण्णांपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ते एकटेच आले. श्रीमंतची टपरी उद्या उचलायला लावीन, हे त्यांनी आधी सांगून टाकलं. मुक्ताबाई म्हणाली, उचला, ती तुमच्या जागेत आहे, पण ही चौकट माझ्या जागेत आहे. तेव्हा म्हातारा जरा नरमला. त्याची नजर सारखी त्या पट्टीवर जात होती. नातवाचा तो एक डोळा येणाऱ्याजाणाऱ्याकडं बघत होता.

"ह्ये लेकराचं तोंड तरी काढ, बाई. बाकीचं ऱ्हाऊ दे."

"मी कशी काढू? माझं न्हाई त्ये. माझी ती मिठाची पिशवी, आन् आमच्या मानसाची ती पुडी. त्या मी आधी बांधल्या." मुक्ताबाई उंबऱ्यातून बाजूला सरली. "ही पट्टी तुमची असंल, तर सोडून न्या. आन् तुमची नसंल, तर दुसऱ्याच्या चौकटीतलं नेनं म्हंजी चोरी, आण्णा. आन् आपल्यात तर चोरी व्हत न्हाई."

रस्त्यावरून गाड्या जात होत्या. शेजारी पंकजा भांडी घासता घासता थांबली होती, चक्कीवाला आपल्या अंगणात येऊन उभा होता. ज्या माणसाच्या शब्दाखातर वस्ती उठायची-बसायची, त्याच्याकडं सगळे बघत होते. अखेर त्यांनी हात वर केला. गाठ मुक्ताबाईची, दुहेरी, त्यामुळं सुटायला वेळ लागला.

"आमचंच हाय," ते म्हणाले. हळू म्हणाले, पण पंकजाला ऐकू गेलं.

पट्टी हातात घेऊन ते अंगणात उतरले आणि पाय सवयीनं ओढ्याकडं वळले.

"आता टाकनार कुठं, आण्णा?" मुक्ताबाईनं चौकटीतूनच विचारलं.

ते थांबले. त्यांनी ओढ्याकडं पाहिलं, रस्त्याकडं पाहिलं, मग आपल्या घराकडं पाहिलं. अंगणातली कालवड दावं ताणून पुढं आली आणि लोंबत्या पट्टीला तोंड लावायला लागली. म्हाताऱ्यानं घाईघाईनं हात डोक्याच्या वर उचलला, आणि तसाच वर धरून तो तिथं उभा राहिला.