दाराला कडी नव्हती तेव्हा

मी बाथरूमच्या दाराची कडी बोलतेय. हसलात ना? हसा. आमची आठवण माणसाला फक्त आत शिरल्यावर येते, एरवी कोण विचारतं?

एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. हार्डवेअरच्या दुकानात बरेच दिवस टांगलेली होते, मग या घरचे बाबा मला घेऊन आले. ते गॅरेजमध्ये गाड्या दुरुस्त करतात. लोकांच्या गाड्या कशा सरळ चालतात, पण स्वतःच्या घरात मला बसवलं ते वाकडं. दार जरा वर उचलल्याशिवाय मी लागायचेच नाही. आई म्हणायची, अहो, ती कडी सरळ करा की. बाबा म्हणायचे, रविवारी. असे कितीतरी रविवार आले नि गेले.

घरच्यांना सवय झाली. पाहुणे मात्र आत अडकायचे. समोरच्या घरात नवीन लग्न होऊन आलेली सून एकदा अशीच अडकली. आईनं बाहेरून सांगितलं, दार वर उचल, मग ओढ. ती बाहेर आली तेव्हा दोघी इतक्या हसल्या की तिथूनच त्यांचं जमलं.

घरात दोन मुलं. मोठा मुलगा आणि धाकटी बहीण. मुलगा आरशासमोर केस विंचरत बसायचा आणि बहीण बाहेरून दार बडवायची, "अरे, नवरदेव, निघतोस का?"

पुढे तो कॉलेजात गेला आणि आत जास्तच वेळ थांबायला लागला. नळ सोडून ठेवायचा. आईला वाटलं, पोट बिघडलंय. तिनं तिखट बंद केलं, पोटाचं औषध आणलं, बाहेरचं खाऊ नको म्हणून दम भरला. तो मुकाट्यानं ते औषध प्यायचा. त्याच्या खिशात काय असतं ते फक्त मी बघत होते. आधी गोळ्या होत्या, मग पावडरच्या पुड्या आल्या. सगळे म्हणतात मित्रांनी बिघडवला. असेलही. पण नापास झाल्यापासून तो आरशात बघून स्वतःला काय काय बोलायचा, ते त्या मित्रांनी कुठं ऐकलं होतं?

एका दुपारी नळ वाहतच राहिला. आईनं हाक मारली, ओ नाही. बहिणीनं दार बडवलं, तरी नाही. तेव्हा आईनं दोन्ही हातांनी दार वर उचललं आणि खांद्यानं धक्का दिला. मी वाकडी होते, जेमतेम टेकलेली. निसटले. पोरगा फरशीवर पडला होता, ओठ निळे पडलेले. श्वास होता.

दवाखान्यातून तो व्यसनमुक्ती केंद्रात गेला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आईबाबांना समजावलं की हा आजार आहे, पोराला गुन्हेगारासारखं वागवू नका, पण घरी आल्यावर काही दिवस बंद दाराआड एकटं सोडू नका. बाबांनी त्याच संध्याकाळी मला काढलं. दारावर माझी चार भोकं राहिली. आईनं मला कपाटात नाही, कचऱ्यात नाही, स्वयंपाकघराच्या खणात चमच्यांशेजारी ठेवलं. बाथरूम शेजारीच, त्यामुळे मला सगळं ऐकू यायचं.

आता कडी नाही म्हटल्यावर, आत कुणी आहे हे कळणार कसं? जो आत जाईल त्यानं गाणं म्हणायचं, असं ठरलं. बहिणीला तर निमित्तच हवं होतं. बाबांना एकही गाणं येईना, ते पाढे म्हणायचे. एकोणीसच्या पाढ्यात नेमके अडकायचे आणि लेक बाहेरून चूक सांगायची. मुलगा घरी आला तो गाईना. हातातला मग नुसता बादलीवर वाजवायचा. आवाज थांबला की आईच्या हातातलं लाटणंही थांबायचं.

इमारतीत टोमणे सुरू झाले. गाण्याचा क्लास काढलात वाटतं, असं एकीनं जिन्यात विचारलं. मावशीनं फोनवर सुनावलं, पोराकडे लक्ष नको का द्यायला? कुणी येईनासं झालं. समोरची सूनही. तिला आता लहान मुलगी होती, ती भ्यायली होती. आईनं तिला दोष दिला नाही. दार उघडायच्या आधी जिन्यात कुणी नाही ना, एवढं बघायला लागली.

मग रंगपंचमीच्या सकाळी समोरच्यांचा नळ तुटला. तिची पिटुकली डोक्यापासून पायापर्यंत रंगानं माखलेली. सून बिचारी तिला घेऊन "काकू, काकू" करत दारात उभी राहिली. आईनं आत घेतलं. पिटुकलीनं बाथरूमचं दार बघितलं आणि मोठ्यानं विचारलं, "आई, कडी कुठं गेली?"

मुलगा तिथंच उभा होता, मान खाली.

"कडी कशाला हवी?" सून लेकीला म्हणाली. "आपण गाणं म्हणू." आणि खरंच म्हणायला लागली, कसलंतरी बडबडगीत, पार बेसूर.

अंघोळ झाल्यावर मुलीला पुसता पुसता ती आईला हळूच म्हणाली, "काकू, मी भ्याले होते हो. माझंही लेकरू मोठं होणारच आहे. तुम्ही त्या दाराशी एकट्या उभ्या राहू नका."

आई चहा टाकायला आली, खण उघडला, चमचा घ्यायचा सोडून मलाच हातात धरून बसली.

तेव्हापासून पिटुकली रोज यायला लागली. बाथरूमबाहेर फतकल मारून बसायची आणि फर्मान सोडायची, "दादा, गाणं!" तिला नाही कोण म्हणणार? तो गायला लागला.

मध्ये एकदा तो पुन्हा घसरला. स्वतःच आईला सांगितलं, स्वतःच केंद्रात गेला आणि परत आला. आता बाबांच्याच गॅरेजात काम करतो. परवा त्यानं स्क्रूड्रायव्हर आणला आणि विचारलं, "आई, कडी लावू का? तू म्हणशील तर."

आईनं खण उघडला. मग मला त्याच्या हातावर ठेवलं.

"आता सरळ बसवतो," तो म्हणाला.

"नको. होती तशीच बसव."

का, ते त्यानं विचारलं नाही. जुन्याच भोकांत मला बसवलं.

मी आता सुखात आहे. तुमच्याकडे एकच मागणं. कुणाच्या घरी गेलात आणि दारावर नुसती चार भोकं दिसली, तर विचारू नका. एखादं गाणं म्हणा, बेसूर असलं तरी चालेल.

आज सकाळी तो आत आला. दार वर उचलून त्यानं मला लावलं. बाहेर लाटणं थांबलं. आता गायची गरज नव्हती, पण त्यानं घसा खाकरला आणि पिटुकलीचं बडबडगीत सुरू केलं.

लाटणं पुन्हा फिरायला लागलं.