रुपीचा काडीमोड

माघ्यानं दारू सोडली तेव्हा अख्ख्या पाड्यात सगळ्यात जास्त आनंद त्याच्या बायकोला, रुपीला झाला. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, नाहीतर पुढचं ऐकून कुणी म्हणेल की बाई दारूच्या बाजूची होती. बाई दारूच्या थेंबालाही शिवत नव्हती. सतरा वर्षांच्या संसारात तिला दारू ठाऊक होती ती नवऱ्याच्या तोंडच्या वासानं आणि स्वतःच्या पाठीवरच्या वळांनी.

दाभोशाच्या धबधब्याच्या वरच्या अंगाला त्यांचा पंधरा-वीस घरांचा पाडा. जव्हारच्या राजाचं राज्य, पण राजा कधी इकडं फिरकायचा नाही आणि पाड्यालाही त्याची खंत नव्हती. त्या साली भात झोडून झालं आणि देवी आली. रोगाची देवी नव्हे, अंगात येणारी. उत्तरेकडून, एकाच्या अंगातून दुसऱ्याच्या अंगात शिरत, डोंगर ओलांडून आली म्हणे. या पाड्यात ती आली ती थेट बुध्याच्या अंगात. बुध्या म्हणजे माघ्याचा थोरला भाऊ. आधीच त्याला सगळ्यांना हे करा, ते करा सांगत सुटायची सवय, आता तर देवीच पाठीशी.

घुमत घुमत त्यानं हुकूम सांगितले. दारू-ताडी सोडा, मांस-मासळी सोडा, कोंबड्या रानात हाकलून द्या, दोन वेळा नदीवर अंघोळ करा. जो करणार नाही त्याच्या हातचं पाणी पिऊ नका. लोकांनी खरंच कोंबड्या रानात सोडल्या. रानमांजरांची आठ दिवस दिवाळी झाली.

पण खोटं कशाला बोला, बरंही झालं. बाप्ये संध्याकाळी शुद्धीवर राहू लागले. माघ्याचा हात रुपीच्या अंगावर पडेनासा झाला. त्यापायी तिनं देवीला मनापासून हात जोडले, अंगण सारवलं, पहाटे नदीवर जाऊन आली. तिथवर तिची काही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती माघी पुनवेला. त्या दिवशी सगळ्या बाया नदीत उभ्या राहिल्या. एकेकीनं बुडी मारायची आणि वर येऊन म्हणायचं, आजवर खाल्लं-प्यालं ती घाण होती, आजपासून मी धुतली. बुध्याची बायको कमू सगळ्यांच्या पुढं होती. तिनं म्हटलं, मागच्यांनी म्हटलं. रुपीची पाळी आली. तिनं बुडी मारली, वर आली, केस पिळले आणि काठाकडं चालायला लागली.

"रुपे, बोलली नाय तू," कमू म्हणाली.

"अंघोळ केली ना? झालं तर."

"बोलायला लागतं."

"ते नाय बोलणार."

का नाही बोलणार, हे तिनं त्या दिवशी कुणाला सांगितलं नाही. रुपी वांगणीची. बाप लवकर गेला. भादव्यात घरात दाणा नसायचा तेव्हा तिची आई ओढ्यातले दगड उलथून चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायची. नांग्यांनी चावून चावून तिच्या उजव्या हाताची दोन बोटं वाकडी झाली होती. त्या वाकड्या बोटांनी ती चिंबोऱ्या ठेचायची, पातळ रस्सा करायची, लेकीला पोटभर पाजायची आणि स्वतः कवचं चोखत बसायची. त्या रश्श्यावर रुपी जगली. आता आई मातीत गेलेली. ती काही उठून बोलणार नाही. आणि लेकीनं पाण्यात उभं राहून सांगायचं की आईनं मला घाण चारली? रुपीचं डोकंच फिरलं. त्या संध्याकाळी ती मुद्दाम ओढ्यावर गेली आणि डोहातले दगड उलथत बसली. माघात चिंबोऱ्या कुठल्या, मोठ्या मुश्किलीनं चार मिळाल्या. त्या तिनं दारात बसून भाजल्या, वास पार बुध्याच्या घरापर्यंत जाईल अशा.

दुसऱ्या दिवशी माघ्यानं पडवीत वेगळी चूल मांडली. आपली भाकरी आपण थापू लागला. भाकरी कसली, तिचा नकाशा व्हायचा. रुपीला आधी हसू आलं. मग एकदा ती घराच्या मधल्या खांबापाशी, आपल्या नेहमीच्या जागी, जेवून उठली आणि मागं वळून बघते तर माघ्या पोतेरा घेऊन तिची जागा शेणानं सारवत होता.

"काय करतो रे, सकूच्या बा?" सकू त्यांची लेक, साखरशेतला दिलेली.

"देवीचं सांगणं हाय. तू खाऊन उठलीस का जागा सारवायची."

 त्या दिवसापासून रोज, दोन वेळा, ती उठली की तो पोतेरा फिरवू लागला. दारू पिऊन मारायचा तेव्हा दुसऱ्या दिवशी निदान मान खाली घालून बसायचा. आता शुद्धीवर होता आणि मान वर करून सारवत होता. रुपीला दारूतल्या त्या मारापेक्षा हा पोतेरा जास्त लागला. कुणाला सांगायचं तर लोक म्हणणार, मारत तर नाय ना, मग रडतेस कशाला?

ती रडत नव्हतीच. ती चिंबोऱ्या आणत होती.

भाताच्या आवण्या उरकल्या. शेतं हिरवी झाली, माणसांना जरा बसायला फुरसत मिळाली. एका सकाळी पंचांतला म्हातारा बारक्या दारात आला. रुपी त्याला काका म्हणायची. तिच्या लग्नात यानंच पंच म्हणून दारूचा द्रोण उचलला होता. देवीच्या आधी पाड्यात सगळ्यात जास्त पिणारा हाच, आणि सोडल्यापासून वाळलेल्या शेंगेसारखा खुळखुळा झालेला. तो उंबऱ्याबाहेरच बसला, कारण आत पाणी विचारलं तर घेता आलं नसतं.

"रुपे, परवा पंच बसतील. बुध्याचं म्हणणं, तू येत नसलीस देवीत, तर माघ्यानं तुझी काडी मोडावी."

"आणि याचं म्हणणं काय?"

पडवीत माघ्यानं पिठाचा नवा गोळा घेतला. भाकरी थापत राहिला.

"दुसरी आणणार म्हणा," रुपी म्हणाली. "देवीतली. धुतलेली."

"ते पुढचं पुढं. परवा तू घराच्या छपरातली एक काडी काढून आण. एक टोक तू धर, एक तो धरेल. मोडायची, मग पंच..." बारक्या तिथंच थांबला. तोंड उघडं राहिलं, डोळे कुठंतरी लांब गेले. मग घाईनं उठून म्हणाला, "मग झालंच की." आणि निघून गेला.

रुपी त्याच्या पाठीकडं बघत राहिली. म्हातारा काय बोलता बोलता थांबला हे तिला तेव्हाच कळलं. पाड्यातलं लग्न असो, बांधाचं भांडण असो, नाहीतर काडीमोड, शेवट एकाच रीतीनं व्हायचा. मोहाची दारू पळसाच्या द्रोणात ओतायची, तीन थेंब मेलेल्यांसाठी भुईवर सांडायचे, आणि पंचांनी एकाच द्रोणातून घोट घ्यायचा. घोट गिळला की गोष्ट पक्की. तोवर सगळी नुसती बडबड. ही आज्या-पणज्यांपासूनची रीत, आणि देवीच्या नादात हे शहाणे ती साफ विसरले होते.

दोन दिवस तिला झोप लागली नाही. वांगणीला आता तिचं कोण होतं? भाऊ होता, त्याची बायको होती, आणि त्यांच्या पडवीचा एक कोपरा. इथं मात्र डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीचा एक तुकडा तिनं स्वतः दगड वेचून केला होता, त्यात तिची नाचणी गुडघ्याएवढी झाली होती. आणि माघ्या होता. त्याचा राग राग यायचा, पण तो दुसरीच्या हातची भाकरी खाईल हा विचार मनात आला की ती अंथरुणात उठून बसायची. हे तिनं स्वतःशी कबूल केलं, वर स्वतःलाच एक शिवीही दिली.

पंचांच्या आदल्या दिवशी ती पदरात गेल्या सालची नाचणी बांधून पाच कोस चालत जव्हारला गेली. पेठेतला गुत्तेवाला माश्या मारत बसला होता. देवी आल्यापासून गिऱ्हाईक तुटलेलं. बाईमाणूस एकटी गाडगं घेऊन आलेलं बघून तो चक्रावला.

"कुणाचं लगीन हाय?" त्यानं विचारलं.

"माझं," रुपी म्हणाली. "बघू, राहतंय का जातंय."

दुसऱ्या दिवशी पंच जांभळीखाली बसले. पाचही अंघोळ करून, धुतलेलं नेसून. बाप्ये एका बाजूला, बाया मागं. रुपीनं छपरातली काडी आणली होती, डोक्यावर झाकलेलं गाडगं होतं. लोकांना वाटलं पाणी असेल, बाई लांब चालली आहे.

बुध्या उभा राहिला. बोलला पुष्कळ. घाण आणि धुणं, धुणं आणि घाण. शेवटी म्हणाला, "अजून पण सांगतो. बुडी मार, बोल, आणि रहा."

"बुडी हजार मारीन, भावजी. बोलणार नाय."

"मग काडी धर."

तिनं धरली. माघ्यानं दुसरं टोक धरलं.  त्यानं मोडायला वेळ लावला म्हणून तिनंच मनगट वळवलं. काडी मोडली.

"झालं," बुध्या म्हणाला. "जा आता."

"झालं कुठं?" रुपीनं गाडगं पंचांच्या मधोमध ठेवलं, वरचं पान काढलं, कमरेला खोचलेला द्रोण काढून शेजारी मांडला. मोहाचा वास जांभळीखाली पसरला. देवी आल्यापासून तो वास कुणाला आला नव्हता. कितीतरी नाकपुड्या आपोआप फुलल्या. "घोट घ्या. पंचांनी घोट घेतला का मी ही चालली. मागं वळून बघणार नाय."

बसल्या जागी दोन पंच जरा मागं सरकले.

"देवीच्या राज्यात दारू लागत नाय," बुध्या म्हणाला.

"मग काडी कशाला लागली? काडी पण जुनीच रीत, दारू पण जुनीच. सोयीचं तेवढं ठेवलं होय तुमी?" तिचा आवाज आता चढला. "आणि दारू घाण असेल, तर तुमची सगळ्यांची लग्नं याच घाणीवर लागलीत. बारक्याकाकांनी इथल्या एकेकाच्या लग्नात द्रोण उचललाय. मग माझी एकटीची काडी कशाला? या मागं उभ्या हायेत सगळ्या. घरी जा, छपरं उपसा, सगळ्यांच्या मोडा. कमूपासून सुरू करा."

मागं बायांत खळबळ झाली. कमू नवऱ्याकडं बघत होती, आणि ते बघणं काही देवीच्या भक्ताचं नव्हतं. पंचांतला एक जण घसा खाकरून म्हणाला, बाई बोलते ते रीतीला धरून हाय. घोटाशिवाय पक्कं कसं धरायचं?

रुपीला वाटलं, जिंकलं. आणि नेमका तेव्हा बारक्या पुढं सरकला.

"रीत पुरी करायचीच तर कुणीतरी घ्यायलाच पायजे," तो हळूच म्हणाला. डोळे गाडग्यावर होते. "पंचांच्या वतीनं मी एकटा घेतो. मी म्हातारा. देवी मला काय करणार?" त्यानं द्रोण भरला. इतक्या घाईनं की अर्धी दारू बोटांवरून ओघळली.

हे रुपीनं धरलंच नव्हतं. बुध्यानं तोंड फिरवून घेतलं. बघितलं नाही की त्याचं काम होत होतं. बारक्यानं बोटानं तीन थेंब भुईवर सोडले आणि द्रोण ओठांकडं नेला. हिनंच पाच कोस चालून आणलेली दारू हिचंच घर पुसून टाकणार होती. तिनं पाय घट्ट रोवले. गयावया करायची नाही, एवढं तिनं ठरवलं होतं.

माघ्या उठला. चार ढांगांत म्हाताऱ्यापाशी गेला आणि त्यानं द्रोण काढून घेतला. आता हाच पितो, असं सगळ्यांना वाटलं. रुपीलाही वाटलं. तो द्रोणात बघत होता, सतरा वर्षं जसा बघायचा तसा. मग त्यानं द्रोण उपडा केला. पाठोपाठ गाडगंही.

"काका, शपथ घेतलीय तुमी," तो म्हणाला. "माझ्यापायी नका मोडू."

"मग काडीमोडाचं काय?" बुध्यानं विचारलं.

"घोट झाला नाय ना? मग झाला नाय काडीमोड."

एवढं बोलून तो घराकडं चालू लागला. देवीची शपथ राखायला त्यानं हे केलं की आणखी कशासाठी, हे रुपीनं त्याला त्या दिवशी विचारलं नाही, आणि नंतरही कधी विचारलं नाही. रिकामं गाडगं उचलून, मधल्या वाटेनं ओढ्यावर जाऊन, दगड उलथूनच ती घरी आली.

संध्याकाळी तिनं चिंबोऱ्यांचा रस्सा केला, आईसारखा पातळ. मधल्या खांबापाशी बसून जेवली, हात धुवायला अंगणात गेली. आत पोतेऱ्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन उभी राहिली. आवाज आला नाही. परत आली तर माघ्या पडवीतून आपली वेडीवाकडी भाकरी घेऊन आत आला होता आणि तिच्या जागी, न सारवलेल्या जागी, बसून जेवत होता. पोतेरा कोपऱ्यात वाळत पडला होता.

"ते नाय खाणार मी," तिच्या मडक्याकडं न बघता तो म्हणाला.

"कुणी वाढलंय तुला?"

ती त्याच्यासमोर बसली, मडक्यातली उरलेली एक नांगी घेतली आणि त्याच्या तोंडासमोर दातांनी कडकन फोडली. तो भाकरी चावत राहिला.