बोटांची पारख

“काय हो, आज वस्तरा आहे की किसणी?” मास्तरांनी आरशातून विचारलं. वस्तरेकाकांनी पाहिलं, तर मास्तरांच्या हनुवटीवर रक्ताचा थेंब.

बाकीचे सगळे न्हावी एकदा वापरून फेकायच्या ब्लेडवर गेले, तरी काका वस्तऱ्यालाच धरून बसले होते, म्हणून हे नाव. तुरटी फिरवत ते “हात चुकला” म्हणाले खरे, पण हात चुकला नव्हता. पातं केस ओढत होतं. चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

वस्तऱ्याची धार दगडावर निघते, पण तिचा खडबडीतपणा जातो तो चामड्याच्या पट्ट्यावर. काकांचे पट्टे दोन होते. एकाला जाड कणांची पेस्ट लागायची, दुसऱ्याला बारीक. जाड कण बारीकच्या पट्ट्यावर गेले की चामड्यात रुतून बसतात आणि पट्टा कायमचा बाद होतो. म्हणून दर रविवारी पेस्ट चोळायचं काम लग्नापासून काकूंचं. दोन्ही पेस्ट राखाडी, डबेही सारखे. काकांना नुसता अंदाज यायचा; काकू चिमटीत घेऊन चोळायच्या आणि कुठली ते बिनचूक सांगायच्या. डब्यांवर चिठ्ठ्या लावू या, असं काका एकदा बोलून बसले होते.

“पोटच्या पोरांच्या कपाळावर नावं लिहून ठेवता का?” काकू म्हणाल्या, आणि मग दोन दिवस अबोला.

दुपारी काका पट्टा घेऊन घरी आले. भिंग लावून पाहिलं. बारीकच्या पट्ट्यावर जाड कण चमकत होते.

“ही कुठली गं?” त्यांनी एक डबा सहज विचारल्यासारखा पुढे केला.

काकूंनी पेस्ट चिमटीत घेतली. चोळली, पुन्हा चोळली. नजर मात्र काकांच्या चेहऱ्यावर.

“बारीक.”

काकांनी ती आधीच भिंगाखाली पाहिली होती; ती जाडी होती.

“बरोबर,” काका म्हणाले आणि त्यांनी डब्याचं झाकण लावलं. गेल्याच आठवड्यात काकूंच्या बोटावर तव्याचा हा एवढा फोड आला होता आणि “कळलंच नाही बाई,” म्हणून त्या हसल्या होत्या. शुगर वाढली की बोटं बधिर होतात, हे काकूंच्या डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा दोघांनीही माना डोलावल्या होत्या.

रविवारी काकांनी नवा पट्टा आणला आणि सोबत एक बाटली.

“हे काय?”

“स्प्रे. पेस्टऐवजी हा नुसता फवारायचा, चोळायला नको. तुझे हात तरी मळायचे नाहीत.”

काकांना खोटं बोलता येत नसे. बोलले की कान लाल व्हायचे. काकूंनी त्या कानांकडे पाहिलं.

“कधी कळलं तुम्हाला?”

“मास्तरांना कापलं तेव्हा. आणि तुला?”

“पाच महिने झाले. तुमचा चेहरा बघून सांगत होते. भुवई हलली की जाडी.”

“अगं, मग बोलायचं नाही का?”

“बोलले असते तर काम काढून घेतलं असतं तुम्ही.”

तेच तर करायला काका बाटली घेऊन बसले होते. त्यांनी फवारा मारला. धुक्यासारखा थर पट्टाभर एकसारखा बसला, काकूंच्या हातून बसायचा त्याहूनही नीट. हे मनात आलं आणि त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“बघ बरं, सारखा बसलाय का?”

काकूंचं बोट पट्ट्याकडे गेलं आणि मध्येच थांबलं. त्यांनी वाकून नुसतं डोळ्यांनी पाहिलं.

“बसलाय.”

मग त्या उठल्या, मोरीत गेल्या आणि दर रविवारी पेस्ट चोळून झाल्यावर धुवायच्या तसे साबण लावून हात धुऊ लागल्या. दोन्ही हात स्वच्छ होते. पाण्याचा आवाज बराच वेळ येत होता.