तीर्थपुरीला काय वाजलं

कल्याणनं मोबाइल भागवतच्या तोंडासमोर धरला.

"वाच. मोठ्यानं वाच, वहिनीलाबी ऐकू जाऊ दे."

भागवतनं वाचलं नाही. चष्मा वर सरकवला, खाली घेतला आणि मोसंब्यांच्या पिशवीकडं बघत बसला. पिशवी कल्याणनंच आपल्या गावाहून, तीर्थपुरीहून आणली होती. भांडायला येतानाही तो रिकाम्या हातानं येत नसे.

शेवटी कल्याणनंच वाचलं. "‘गारपीट’च्या चाहत्यांसाठी. रविवारी जालन्यात, वामनच्या आठवणीत. स्टेजवर कधीच न वाजलेलं गाणं, ‘राखण’, पहिल्यांदाच. निवेदक, भागवत." त्यानं मोबाइल चटईवर उपडा ठेवला. "कधीच न वाजलेलं म्हणं."

"बराबरच हाये."

वंदना ओट्याशी भाजलेल्या शेंगदाण्यांची सालं काढत होती. ‘गारपीट’चा इतिहास तिला लग्नापासून ऐकून पाठ होता. जालन्यातली चार पोरं, गिटारी, एक ड्रम आणि आयुष्यात एकच कॅसेट. निघाली तेव्हा ती कुणाला कळली नाही. आता तिचे चाहते पार पुण्या-दुबईपर्यंत निघाले होते आणि मोबाइलवरच्या ग्रुपात दिवसरात्र भांडत होते. सगळ्यात जुनं भांडण ‘राखण’वरून. कॅसेटवरचं शेवटचं गाणं, लांबलचक, संथ. ते लोकांपुढं कधी गायलं गेलं का? गाणारा वामन तर मागच्या वर्षी गेला. उरलेल्यांपैकी दोघांना आठवत नव्हतं आणि तिसरा दर वेळी वेगळं सांगायचा. म्हणून भागवतचा शब्द शेवटचा. त्यानं एकही कार्यक्रम चुकवलेला नव्हता, हे ग्रुपात सगळ्यांना मान्य होतं.

"मी ऐकलंय ते," कल्याण म्हणाला. "आमच्या गावात. दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केल्तं त्यावर. आन ही कालची पोरं मला फेकू काका म्हणून राह्यली. माह्या नातीनं वाचलं ते. विचारती, आबा, तुमी खोटं का बोलता?"

"मीबी व्हतो तिथं."

"व्हतास. अर्ध्यातून गेल्तास."

"शेवटपर्यंत व्हतो."

"भागवत, तुला जीपमदी मी चढवलंय. आत जागा न्हाई म्हणून मागं लोंबकळत गेल्तास. घनसावंगीच्या जीपला."

भागवत उठला. "मोटार भरून ठिवलीय, गिऱ्हाईक येईल," म्हणत पुढच्या, मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात गेला. मोटार त्यानं सकाळीच देऊन टाकली होती. वंदनानं स्वतः बघितलं होतं.

घनसावंगी तिचं माहेर.

तिनं हात पदराला पुसले. "भाऊजी, कव्हाचं म्हणता हे?"

"आता साल कुठलं सांगू. पंचमी झाल्ती. लिंबाला झोके तसेच व्हते. सत्कारच सत्कार, शाली संपल्या तरी माणसं संपंनात. गाणं सुरू व्हायला उन्हं कलली. न्हाईतर ह्यानं ऐकलं असतं की."

वंदना खाली बसली.

लग्नानंतरची पहिली पंचमी. ती माहेरी होती आणि नवऱ्यानं न्यायला यायचं होतं. तिच्या वडलांनी निरोप धाडला होता, दिवेलागणीला लेक उंबऱ्याबाहेर काढायची पद्धत आमच्यात नाही, आणि उद्या शनिवार, तोही वर्ज्य. त्याच निरोपाला तिनं आपलं शेपूट जोडलं होतं: उशीर केलात तर मी पोळ्यापर्यंत येत नाही. तो आला. धुळीनं माखलेला, सदरा काखेत उसवलेला, पण वेळेत. उभ्या आयुष्यात तो कुठं वेळेवर पोचल्याचं ते एकच उदाहरण. तिनं ते वाया जाऊ दिलं नाही. जावांना, नणंदांना, नव्या सुनांना, प्रत्येक लग्नघरात तिनं ते ऐकवलं. ती ऐकवायला लागली की भागवत पाणी प्यायला उठायचा. लाजतो, असं तिला वाटायचं.

आता, त्यानं वर्षानुवर्षं रेटलेल्या खोट्यात किती तिच्यासाठी होतं आणि किती ‘एकही चुकवला नाही’ या मिजाशीसाठी, ते तिला काही केल्या ठरवता येईना.

"म्हणून दाखवा," ती म्हणाली.

"मी? वहिनी, माह्या आवाजानं बैल बुजतेत."

"इथं बैल न्हाईत. म्हणा."

कल्याणनं दाराकडं बघितलं, घसा खाकरला आणि भिंतीकडं तोंड करून म्हणायला लागला. आवाज खरंच वाईट होता. पण नवऱ्यानं घरात इतक्यांदा लावलेली ती चाल वंदनाला ओळखू आली. पहिलं कडवं, दुसरं, तिसरं. तिथं कॅसेट संपायची. कल्याण थांबला नाही. पुढं आणखी एक कडवं होतं, मोकळ्या रानाचं, कापणी झाल्यावरही राखणीच्या माळ्यावर बसून राहिलेल्या माणसाचं. ते वंदनानं कधीच ऐकलेलं नव्हतं.

भागवत दारात उभा होता. किती वेळ, कोण जाणे. हातात तांब्याच्या तारेचा तुकडा होता, तो बोटाला गुंडाळत होता आणि उलगडत होता.

"हितं ड्रम व्हता का?" त्यानं विचारलं.

"न्हाई. सगळं बंद. वामन एकटाच."

"मंग?"

"मंग काय. संपलं. टाळ्या वाजवायचं सुचलं न्हाई कुणाला."

भागवतनं मान हलवली. बराच वेळ हलवत राहिला.

"सुरुवात ऐकू आल्ती," तो म्हणाला. "गावाभाईर पडेपर्यंत ऐकू येऊन राह्यली व्हती. मंग जीप वळली."

कल्याणनं उपडा मोबाइल उचलला आणि नुसताच खिशात ठेवला.

"रविवारी सांगा तसं," वंदना म्हणाली. "वाजल्तं म्हणून."

"लोक विचारतील की. अर्ध्यातून कशापायी गेल्तास म्हणून."

"मंग तेबी सांगा."

"हसतील."

"हसू द्या. मी पुढंच बसती."

भागवतनं तिच्याकडं बघितलं. आजवर ती एकाही कार्यक्रमाला आली नव्हती आणि त्यानंही कधी आग्रह केला नव्हता.

"तुला न्हाई आवडायचं," तो हळूच म्हणाला. "लई आवाज असतो."