वाकलेली काडी

मित्रांनो, मी एक जुना, करंगळीएवढा पेचकस आहे. हसू नका! माझ्यावाचून चष्म्याचा स्क्रू जागचा हलत नसे. कारखान्यात घडलो आणि ताईंच्या चष्म्याच्या दुकानात आलो. "हा माझा उजवा हात," असं ताई गिऱ्हाइकांना सांगायच्या, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. पोलादावर चढेल तेवढं.

पुढे विजेवर चालणारी हत्यारं आली आणि मी खणात पडलो. तरी चित्रकलेचे निवृत्त मास्तर आले की ताई मलाच शोधत. त्यांची जुनी फ्रेम नव्या हत्याराला दाद देत नसे.

त्या वर्षी मास्तर तिसऱ्यांदा आले. पुन्हा डावी काडी वाकलेली. "बाबा वेंधळे झालेत, सारखा पाडतात," सोबतचा मुलगाच बोलला. मास्तर खाली बघत होते. मीही मनात म्हटलं, काय हे मास्तर, एवढंही सांभाळता येत नाही? त्याची मला आजही लाज वाटते.

ताई मात्र काडी निरखत राहिल्या. चष्मा पडला तर काचेला ओरखडा येतो. इथे काच स्वच्छ होती. आणि मास्तरांच्या डाव्या कानामागे काळंनिळं झालं होतं.

"नंबर तपासते. तुम्ही बाहेर बसा," ताई मुलाला म्हणाल्या आणि त्यांनी आतल्या खोलीचं दार लावलं. मी त्यांच्या हातातच होतो.

"काका, चष्मा डोळ्यांवर असतानाच वाकलाय ना?"

मास्तर हळूच म्हणाले, "पोटचा पोरगा आहे हो. चार लोकांत शोभा नको."

"त्याचं राहू द्या. तुम्हाला घरी जायची भीती वाटते का?"

मास्तर बंद दाराकडे बघत म्हणाले, "वाटते. लेकीला सांगायचंय, पण माझा फोन त्यानं काढून घेतलाय."

ताईंनी मला खाली ठेवलं आणि स्वतःचा फोन पुढे केला. लेकीचा नंबर मास्तरांना तोंडपाठ होता.

बाहेरून मुलानं दार वाजवलं. "अहो, किती वेळ?"

"डोळ्यांत औषध घातलंय! तासभर मिटून बसायचंय त्यांना," ताईंनी ठोकून दिलं. तासाभरात लेक आणि जावई दोघंही आले आणि मास्तरांना घेऊन गेले.

मास्तर आता लेकीकडेच राहतात. परवा आले होते. वापरून वापरून स्क्रू ढिला झाला होता, बाकी काही नाही. एवढा साधा बिघाड बघून मला रडूच यायचं बाकी होतं.

मित्रांनो, मला गंजू देऊ नका, असं सांगणार होतो. ते राहू दे. कुणाची वस्तू पुन्हा पुन्हा तिथेच मोडत असेल आणि त्याच्या वतीनं दुसराच कुणी बोलत असेल, तर त्याला वेंधळा म्हणू नका. त्याला एकट्याला बाजूला घ्या आणि विचारा. मास्तर त्याआधी दोनदा आले होते, आणि दोन्ही वेळा मी नुसता स्क्रू घट्ट केला.