भाच्याचा हात

कोनफळाच्या लागवडीसाठी आम्ही माती उकरून ढीग घालत होतो, तेव्हाच तानिएला आजा आणि वाइसाके मामा यांचं वाजलं. आजा म्हणजे माझ्या आईचा मामा. वाइसाके हा माझ्या आईचा धाकटा भाऊ, म्हणजे माझा मामा आणि आजाचा सख्खा भाचा. पलीकडच्या धक्क्यावर त्याची मोटारबोट होती. परदेशी पाहुण्यांना तो बेटं दाखवत हिंडायचा, म्हणून त्याचे पाय कधी मातीत मळायचे नाहीत. त्या दिवशीही तो बांधावर उभा राहूनच बोलत होता.

वादळानं आमचं गाव सोलून काढलं होतं. घरांवर अजून निळी ताडपत्री फडफडत होती. अळूच्या खाचरांत समुद्र शिरला, अळू जागेवर कुजलं. आमच्या होड्यांच्या तर फळ्याही सापडल्या नाहीत. जमिनीत जे थोडं कोनफळ तगलं, ते आजानं काढून खोपीत रचलं आणि दारात बसून सगळ्यांना बजावलं, हे बेणं आहे, खायचं नाही. तेव्हापासून आम्ही मदतीच्या भातावर होतो. पोरं कोनफळ मागून रडली, तरी आजाची सून, आमची मामी, खोपीकडं वळली नाही.

आणि वाइसाके म्हणत होता, पाहुणे आणतो.

"आरं, अंगावर छप्पर न्हाई आमच्या," आजा म्हणाला. "उघड्या संसारात पाव्हणा कशाला?"

"मामा, तुमी दार लावून बसलाय आन् जगात बोंब झालीया की सगळं बेटच बुडालं. माझ्या धक्क्यावरची बायामाणसं हात जोडून बसल्यात. माणूस आला न्हाई तर त्यांनी काय वारा खायचा?"

खरं सांगायचं तर त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. गावातही दोन तट होते. कुणी म्हणे, मढं झाकायच्या आत तमाशाला माणसं कशाला. कुणी म्हणे, येऊ देत, चार ओळखी होतील. शेवटी वाइसाकेनं शब्द दिला. पाहुणे आपली शिदोरी घेऊन येतील, बोटीत देवळाच्या छपरासाठी पत्रे असतील, आणि अर्धा दिवस आमच्याबरोबर खपून ते परत जातील. आजानं मान हलवली. बहिणीच्या पोराचा शब्द तो, त्याला कोण तोलून बघतो?

बोट आली त्या दिवशी ऊन लख्ख होतं. दहाबारा पाहुणे उतरले. गळ्यात कॅमेरे, तोंडावर हसू. पत्रे कुठं दिसेनात. मी वाइसाकेला विचारलं, तर म्हणाला, पुढच्या खेपेला. शिदोरीचं विचारलं, तर ऐकूच गेलं नाही त्याला.

पाहुण्यांनी रीतीप्रमाणे यांगोनाच्या, म्हणजे आमच्या मानाच्या पेयाच्या, मुळ्यांची जुडी आजापुढं ठेवली. आजानं ती उचलली, पोकळ ओंजळीनं टाळी वाजवली. झालं. एकदा जुडी घेतली की पाहुणा गावाचा, त्याला उपाशी धाडणं म्हणजे गावाची मान खाली. मामी भाताच्या पोत्याकडं निघाली. तेवढ्यात वाइसाके उठला आणि थेट खोपीत गेला.

आमच्यात बहिणीच्या मुलानं मामाच्या घरातल्या कशावरही हात ठेवला, की ते त्याचं. नाही म्हणायची सोय नाही. म्हणूनच शहाणा भाचा हात सांभाळून ठेवतो. वाइसाकेनं तो बेण्याच्या ढिगावर ठेवला. वर पाहुण्यांकडं वळून इंग्रजीत सांगितलं, बघा, इथं भाच्याला कुणी नाही म्हणत नाही, अशी प्रेमाची रीत. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

आजा ढिगाकडं बघत राहिला. त्याचा जबडा हलला, पण शब्द एकच आला.

"घे."

मामी पदरात तोंड खुपसून आत गेली. पुढच्या सालचं गावाचं अन्न तापल्या दगडांवर पानांत गुंडाळून भाजलं जात होतं, आणि त्याचा वास असा सुटला होता की आमच्याच पोरांच्या तोंडाला पाणी सुटलं.

जेवताना एक पिकल्या केसांची बाई माझ्या शेजारी बसली होती. भली होती बिचारी. म्हणाली, तुमच्याकडं एवढं पिकलंय हे बघून जीव निवला, आम्हाला वाटलं उपाशी असाल. मग घास खाली ठेवून तिनं विचारलं, आम्ही यायला हवं होतं का? तुमच्या म्हाताऱ्यांना विचारा ना.

मी आजाला विचारलं. तो ताडपत्रीकडं बघत म्हणाला, "यावं की. फकस्त घरातल्यांनी खाल्लंय का, ते आधी पुसावं."

मी ते शब्दन् शब्द तिला सांगितलं. तिनं पोरांच्या ताटल्यांकडं पाहिलं. त्यांत नुसता भात होता. तिनं ताटली बाजूला सारली आणि पुन्हा काही मागितलं नाही.

मी उठलो. किनाऱ्यावर वाइसाके पाहुण्यांना बोटीत बसवायच्या घाईत होता. मी पाण्यात शिरलो आणि बोटीच्या नाकावर हात ठेवला. पाहुण्यांना ऐकू जाईल असं इंग्रजीत म्हणालो, हा माझा मामा, मी याच्या बहिणीचा मुलगा.

त्यांना रीत ठाऊकच होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

वाइसाकेचं हसू तोंडावर तसंच राहिलं. त्याच हसण्यातून तो आमच्या भाषेत म्हणाला, "हात काढ. धंद्यात भाचा-बिचा काय नसतोय."

"काय म्हणतोय तो?" बाईनं विचारलं.

"घेऊन जा म्हणतोय," मी म्हणालो.

पुन्हा टाळ्या. वाइसाकेनं किल्ली माझ्या हातात आपटली. वादळ न लागलेल्या बेटावर माझ्या बायकोचं माहेर आहे, तिकडं मी बोट घातली. दुसऱ्या दिवशी बेण्यानं भरून परत आलो. पाहुण्यांनी तोवर ताडपत्रीखाली रात्र काढली होती आणि मदतीचा भात खाल्ला होता. बाई मामीबरोबर मातीचे ढीग घालत होती. कॅमेरे पिशव्यांत गेले होते.

मला वाटलं होतं, आजा पाठीवर हात ठेवील. तो बोटीजवळ आला, कोनफळं चाचपून पाहिली, एकेक डोळा बघितला. चांगलं होतं बेणं. वाइसाके लांब उभा होता. बेणं उतरवून मी किल्ली परत दिली, तसा तो मामाच्या पायाशी न येता बोटीत चढला आणि पाहुण्यांना घेऊन निघून गेला. त्यानंतर आमच्या किनाऱ्याला तो लागला नाही. पत्रेही आले नाहीत.

बोट दिसेनाशी होईस्तोवर आजा पाण्यात उभा होता.

"वाइसाके तान्हा हुता, तवा ह्याच खोपीत मी त्याचा हात धरून एका कोनफळावर ठिवला हुता," तो म्हणाला. "म्हणलं, हे तुजं."

मग त्यानं टोपली उचलली, आणि आम्ही लागवडीला गेलो.