चेंडू नसतानाचं मोजमाप

सन शहाऐंशी. ओमाहाच्या एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणाऱ्या ज्ञानदेव मेश्रामला तिथल्या व्यावसायिक फुटबॉल संघानं एक काम दिलं. आता अमेरिकन फुटबॉल म्हणजे काय, तर नाव फुटबॉल आणि सगळा खेळ हातानं! त्यात एक रनिंग बॅक असतो. चेंडू काखोटीला मारायचा आणि समोरच्या आडदांड गड्यांच्या गर्दीत घुसायचं, हे त्याचं काम. ओमाहाचा रनिंग बॅक व्हर्नन टेट, वय एकोणतीस. त्याला तीन वर्षांचा पक्का करार हवा होता, वर्षाला चार लाख डॉलर. एवढे पैसे ओतण्यात अर्थ आहे का, हे मॅनेजर हॅस्केलला आकड्यांत हवं होतं.

ज्ञानदेवानं महिनाभर कॉलेजच्या प्रोजेक्टरवर सामन्यांच्या फिल्म पाहिल्या. उत्तर सोपं निघालं. व्हर्नन एका धावेत सरासरी चार यार्ड जायचा आणि त्याच्या जागी उतरणारा स्वस्तातला गडीही चारच. वाट पुढचे पाच धिप्पाड गडी करून देतात. मागून कोण पळतो याला विचारतो कोण? 'अर्थ नाही,' असं त्यानं खुद्द व्हर्ननच्या समोर वाचून दाखवलं.

व्हर्नन चिडला नाही. म्हणाला, "प्रोफेसर, चेंडू माझ्याकडे नसतो तेव्हा मी काय करतो, ते मोजलंत?"

मोजलं कुठं होतं! नागपूरच्या कस्तुरचंद पार्कवर क्रिकेट बघत वाढलेला माणूस हा. चेंडू जाईल तिकडे नजर, बाकी मैदान असलं काय नि नसलं काय. ज्ञानदेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. अर्धीच फिल्म बघून आपण एका माणसाच्या पोटावर पाय दिला! त्यानं आणखी एक महिना मागून घेतला.

या खेपेला चेंडू गेला उडत, नजर फक्त व्हर्ननवर. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक म्हणजे संघाचा लाडका, पगार नऊ लाख. त्याला लोळवायला समोरचे धावून यायचे आणि व्हर्नन मध्ये स्वतःचं अंग घालायचा. एका हंगामात तीनशे अठरा वेळा! तो मैदानात असताना क्वार्टरबॅक अकरा वेळा पडला. तो नसताना, निम्म्याहून कमी खेळात, एकोणतीस वेळा.

"रेखा, हा माणूस चार लाखांना स्वस्त आहे गं!" त्यानं बायकोला स्वयंपाकघरात जाऊन सांगितलं.

"मग लिही ना तसं. भलं होईल बिचाऱ्याचं."

पण ज्ञानदेव कसला थांबतो! एका हंगामाच्या सगळ्या टकरी मोजल्या, चेंडू घेऊन पळतानाच्यासुद्धा, मग सातही हंगामांच्या मोजल्या. निवृत्त झालेल्या रनिंग बॅकच्या फिल्म मागवून त्यांच्याही मोजल्या. बेरीज आली. साडेतीन हजार टकरींनंतर एका हंगामापलीकडे कुणीच टिकलेलं नव्हतं. व्हर्ननच्या छत्तीसशे झाल्या होत्या.

"हे तुला विचारलंय कुणी?" रेखा म्हणाली. "तो स्वस्त असल्याचं पहिलं पान तेवढं दे."

"अर्धंच मोजून एकदा तोंडघशी पडलोय. आता अर्धंच सांगू?" त्याला वाईट वाटत होतं, पण त्यानं दोन्ही पानं टाइप केली.

हॅस्केलनं पहिलं पान वाचून मान डोलावली. दुसरं पान त्यानं दोनदा वाचलं.

"म्हणजे संपलाच की हा. बरं झालं सांगितलंत. आजच मोकळा करतो त्याला."

"अहो, पण पहिलं पान? एवढी वर्षं त्यानं जे केलं..."

"केलं ना. झालं ते. मागच्या कामाचे पैसे पुढं कोण देतं, प्रोफेसर?"

ज्ञानदेव बाहेर आला. बाकावर व्हर्नन बसला होता. तो ताडकन उठला.

"मोजलंत?"

"मोजलं. गेल्या हंगामात तीनशे अठरा वेळा."

व्हर्ननचे डोळे भरून आले. त्यानं ज्ञानदेवाचा हात आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरला. "सात वर्षांत हे कुणी पाहिलंसुद्धा नव्हतं. तुमचे उपकार विसरणार नाही."

तेवढ्यात आतून हॅस्केलनं व्हर्ननला हाक मारली. व्हर्नननं शर्ट नीट केला आणि हसत आत गेला.